बिलिमोरा–वघई : अरण्याकडे जाणारी छोटी गाडी

(सुरत येथील मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुरत शहर आणि रेल्वे यांचे नाते जुने आहे. मुंबई, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वे कंपनीने, म्हणजे ज्या कंपनीला आपल्याकडे बी.बी.सी.आय. या आद्याक्षरांनीच ओळखले जाई त्या कंपनीने, आपला पहिला लोहमार्ग मुंबईत टाकला नाही. अंकलेश्वर ते तापीच्या उत्तर काठावरील उतराण या टप्प्यावर तिची पहिली गाडी १८६० साली धावली. पुढे तापीवर पूल झाला आणि गाडी त्याच वर्षी सुरतेत आली. मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत सलग मार्ग जोडला जाण्यास १८६४ साल उजाडावे लागले. तापीच्या खोऱ्यातून अमळनेरकडे जाणारा मार्ग शतकाच्या अखेरीस सुरू झाला. त्याच मार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे पुढील काळात सुरतेच्या मागांवर कामाला आली. उधना आणि लिंबायत भागांत आज जी अहिराणी व मराठी कानी पडते, तिचा प्रवास याच रुळांवरून झालेला आहे.

या मोठ्या मार्गांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा विषय मात्र सुरतेपासून सुमारे ५० किलोमीटर दक्षिणेस असलेल्या बिलिमोरा स्थानकाच्या एका कडेला, वेगळ्या फलाटावर उभ्या राहणाऱ्या एका लहानशा गाडीचा आहे. मुंबईकडे भरधाव जाणाऱ्या गाड्यांतील प्रवाशांपैकी बहुतेकांचे तिच्याकडे लक्षही जात नाही. बिलिमोऱ्याहून निघून गणदेवी, चिखली रोड, रानकुवा, धोळीकुवा, अनावल, उनाई-वांसदा रोड, केवडी रोड, काळाअंब आणि डुंगरडा अशी स्थानके घेत ही गाडी डांगच्या अरण्यातील वघईपर्यंत जाते. अंतर ६३ किलोमीटर. लागणारा वेळ तीन तास. रुळांमधील रुंदी अवघी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलीमीटर.

या मार्गाचा जन्म १९१३ सालचा मानला जातो आणि त्याचे जनकत्व बडोद्याच्या गायकवाड सरकारकडे जाते. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यामधल्या कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, आणि सयाजीराव तिसरे या नावाने त्याने १९३९ पर्यंत राज्य केले, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये, अस्पृश्यांसाठी शाळा यांचा उल्लेख झाल्यावाचून त्यांच्यावरील कोणतेही भाषण पुरे होत नाही. तथापि त्यांच्या राज्याने अंथरलेल्या रुळांचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः अरुंद रुळांच्या आगगाड्यांचे विस्तृत जाळे उभारणाऱ्या देशी संस्थानांत बडोद्याचे स्थान अग्रभागी होते.

ही परंपरा सयाजीरावांच्या आधीची आहे. खंडेराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम हा सुमारे २० मैलांचा मार्ग अडीच फुटी रुळांवर सुरू झाला. रूळ इतके हलके होते, की दर यार्डास त्यांचे वजन १३ पौंड भरे. त्यांवर इंजिन चालविण्याचा विचार झाला, परंतु रुळांना तो भार पेलेना. तेव्हा गाडे ओढण्यास बैल जुंपण्यात आले. आगगाडीला आग नाही आणि बैलगाडीला रस्ता नाही, असा हा चमत्कारिक संकर काही वर्षे चालला. १८७३ साली अधिक भक्कम रूळ घालून वाफेचे इंजिन आणण्यात आले आणि मग डभोई हे या छोट्या मार्गांचे मोठे जंक्शन बनले. बैलांपासून आरंभ झाला म्हणून कोणी या प्रयोगास हसू नये. बार्शी लाइट रेल्वेचे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी अडीच फुटी मार्गाचे शास्त्र १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर सिद्ध करून दाखविले, त्याच्या कितीतरी आधी गायकवाडांनी त्याच रुंदीचे रूळ वापरले होते.

अडीच फुटांचाच मार्ग का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर हिशेबात आहे. मोठ्या मार्गाच्या रुळांमध्ये १६७६ मिलीमीटर अंतर असते. त्यासाठी भराव रुंद लागतो, पूल भक्कम लागतात, वळणे लांबलचक घ्यावी लागतात. अरुंद मार्गाला टेकडीच्या कडेने चटकन वळता येते, हलके रूळ पुरतात, लहान इंजिन पुरते. जेथे दररोज शंभर डबे माल निघणार नाही, पण दहा डबे निश्चित निघतील, अशा प्रदेशासाठी हा मार्ग योजलेला होता. वेग कमी, भार कमी, खर्चही कमी. गरीब मुलखाला परवडणारी ती आगगाडी होती.

बिलिमोऱ्याहून पूर्वेकडे निघालेल्या या मार्गाच्या मुळाशी सागवान होते. डांगचा सागवान एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधण्यास उत्तम लाकूड हवे होते आणि मलबारचे लाकूड कमी पडू लागले तेव्हा इंग्रजांची दृष्टी या अरण्याकडे वळली. १८४२ च्या सुमारास डांगच्या भिल्ल राजांकडून त्यांनी जंगल तोडीचे हक्क भाडेपट्ट्याने घेतले. त्यापोटी राजांना मिळणारी रक्कम पुढे आहव्याच्या वार्षिक दरबारात दिली जाऊ लागली. होळीच्या आधी भरणाऱ्या त्या डांग दरबारात आजही गढवी, आमाळा, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी येथील राजघराण्यांना सन्मानपूर्वक तनखा दिला जातो. इतर संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले. डांगच्या राजांचे राहिले. कारण ते जंगलाच्या भाड्यापोटी होते.

डोंगरात तोडलेले ओंडके समुद्रापर्यंत आणायचे कसे, ही अडचण होती. पावसाळ्यात वाटा बंद. उन्हाळ्यात बैलगाड्यांचे तांडे घाटउतारावरून दिवसेंदिवस चालत. अंबिका नदीच्या मुखाजवळचे बिलिमोरा हे गायकवाडांच्या नवसारी प्रांतातील बंदर, आणि लाकडाचा व्यापार तेथे पूर्वापार चाललेला. बी.बी.सी.आय.चा मोठा मार्गही तेथूनच जातो. म्हणून या बंदरातून आणि या जंक्शनातून अरण्याच्या तोंडापर्यंत छोटा मार्ग नेणे, हा व्यवहाराला धरून असलेला विचार होता. अंबिकेचा उगम महाराष्ट्रात, नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्याच्या डोंगरांत होतो. ती डांगमधून उतरते आणि बिलिमोऱ्याच्या पुढे समुद्रास मिळते. नदी पश्चिमेकडे वाहते. आगगाडी तिच्या खोऱ्यातून पूर्वेकडे चढते.

नकाशावर पाहिले तर या ६३ किलोमीटरांचे एक वैशिष्ट्य सहज ध्यानात येते. गणदेवी बडोदा संस्थानात. रानकुव्याच्या बाजूचा चिखली तालुका खास इंग्रजी अमलातील. अनावल पुन्हा गायकवाडांच्या महुवा महालात. उनाईच्या लगत वांसदा हे स्वतंत्र संस्थान. आणि वघई डांगमध्ये, जेथे राजे भिल्ल पण जंगलखाते इंग्रज. एका तिकिटात प्रवासी चार प्रकारच्या राज्यकारभारांच्या सीमा ओलांडीत असे. डब्यात बसलेल्या माणसाला याची कितपत जाणीव होती, ही गोष्ट वेगळी. त्याच्या दृष्टीने गणदेवीचा गूळ संपला की उनाईचे उन्हाळे आले, आणि उन्हाळ्यांच्या पुढे जंगल सुरू झाले, एवढेच खरे.

उनाईच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांविषयी या भागात एक आख्यायिका आहे. शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून भूमीतून उष्ण जल काढले. त्या पाण्यात स्नान करून सीतामाई गुजरातीत म्हणाल्या, ‘हूं नाही’, म्हणजे ‘मी न्हाले’, आणि त्यावरून गावाला उनाई नाव पडले. व्युत्पत्ती म्हणून तिची किंमत काहीही असो, पण न्हाणे आणि नाहवुं ही क्रियापदे दोन भाषांत किती जवळची आहेत, हे ती सांगून जाते. चैत्री पौर्णिमेला येथे यात्रा भरते. दूरच्या पाड्यांवरील यात्रेकरूंना ही छोटी गाडी पिढ्यानपिढ्या उपयोगी पडली आहे.

वाफेचे इंजिन असताना हा प्रवास कसा असे, याची कल्पना नव्या पिढीस येणे अवघड आहे. डिझेल इंजिन कळ फिरवून सुरू होते. वाफेचे इंजिन जागे करावे लागे. गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी फायरमन भट्टीत विस्तव घाली. बाष्पक थंड असेल तर घाई करून चालत नसे, कारण लोखंड असमान तापले की नळ्या गळू लागत. पाण्याची पातळी काचेच्या नळीत सतत पाहावी लागे. ती खाली गेली तर भट्टीचा माथा उघडा पडून स्फोट होण्याचे भय. म्हणून पाणी हा या प्रवासाचा प्राण होता, आणि इंजिन कोळशाइतकेच, किंबहुना कोळशाहून अधिक, पाण्यासाठी थांबे. पावसाळ्यात रूळ ओले झाले की चाके जागच्या जागी फिरत. मग त्यांच्यासमोर वाळू सोडावी लागे. चढावर इंजिनाचा श्वास लांब आणि जड होई, उतारावर तो मोकळा होई. रुळालगतच्या वस्तीतील माणसे त्या आवाजावरून गाडी कोठवर आली ते ओळखीत असत.

भारतातील अडीच फुटी मार्गांवर जी प्रमाणित इंजिने गेल्या शतकात चालली, त्यांत झेडबी वर्गाचे इंजिन विशेष परिचित होते. पुढे दोन लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे पुन्हा दोन, अशी त्याची रचना. गुजरातच्या छोट्या मार्गांवर ती दीर्घकाळ दिसत. सन १९३७ मध्येच या मार्गावर डिझेल इंजिन आले, असे वर्तमानपत्रांत कधीकधी छापले जाते. त्यावर विसंबणे कठीण आहे. कालका-सिमल्यासारख्या नामांकित मार्गासाठीसुद्धा जर्मनीहून डिझेल इंजिने मागविली गेली ती १९५५ साली. बडोदा संस्थानाच्या जंगलातील एका शाखामार्गाला ती अठरा वर्षे आधी लाभली असतील, असे मानण्यास आधार दिसत नाही. विसाव्या शतकाची अखेर जवळ येऊ लागली तेव्हा वाफेचे युग साऱ्या देशातच संपत आले, आणि येथेही चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेली झेडडीएम-५ ही डिझेल इंजिने आली.

दरम्यान राज्ये बदलली होती. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि नवसारी प्रांत सुरत जिल्ह्यास जोडला गेला. त्याच वर्षी गायकवाडांची रेल्वे बी.बी.सी.आय.मध्ये गेली, आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वेची स्थापना झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये निर्माण झाली तेव्हा डांग जिल्हा कोणाचा, या प्रश्नावर दोन्हीकडे तीव्र भावना होत्या. डांगची बोली मराठी की गुजराती, यावर विद्वानांचा वाद झाला. ग्रिअर्सन यांनी भाषासर्वेक्षणात तिला खानदेशीच्या पंक्तीत बसविले होते. अखेर डांग गुजरातेत गेला. वाद मिटला, पण बोली तीच राहिली. आजही वघईच्या बाजारात सुरगाणा-कळवणकडील माणूस आणि डांगी माणूस एकमेकांशी बोलताना दुभाष्याची गरज पडत नाही. कागदावरील सीमा बदलल्या, गाडीच्या वेळापत्रकात मात्र त्याने काही फरक पडला नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात या गाडीचे मूळ प्रयोजन हळूहळू ओसरले. रस्ते झाले, ट्रक आले, ओंडके रस्त्याने जाऊ लागले. १९७९ साली वघईनजीक वांसदा राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. एकेकाळी तोडीसाठी पाहिले जाणारे अरण्य राखण्यासाठी पाहिले जाऊ लागले. माल गेला आणि माणसे राहिली. डोंगरातील पाड्यांवरून बाजाराला, दवाखान्याला, शाळेला जाणारी, आणि उसाच्या हंगामात दक्षिण गुजरातच्या सहकारी साखर कारखान्यांच्या तोडीवर कोयता घेऊन निघणारी माणसे. त्यांच्यासाठी ही सर्वांत स्वस्त वाट होती. डोक्यावरचे गाठोडे, कोंबडी, लाकडाची मोळी, सारे तिच्यात चालत असे. गाडी तोट्यात होती हे खरे. परंतु तोटा कोणाच्या खात्यावर मांडायचा, हा प्रश्न रेल्वेच्या हिशेबवहीत सुटणारा नव्हता.

मार्गाचा कारभारही जुन्या धाटणीचा टिकून राहिला. एका वेळी एकच गाडी मार्गावर असायची, त्यामुळे समोरून दुसरी येण्याची भीती नाही. रस्ता रुळांना छेदतो तेथे अनेक ठिकाणी फाटकावर कायमचा माणूस नसे. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबे, गाडीबरोबरचा कर्मचारी खाली उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, फाटक उघडून तो आपल्या डब्यात येऊन बसे आणि मग गाडी पुढे निघे. शहरी प्रवाशाला याचे हसू येते. पण ताशी वीस किलोमीटर सरासरीने जाणाऱ्या गाडीला ही शिस्त शोभून दिसते.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, त्यात हीही थांबली. इतर गाड्या क्रमाने सुरू झाल्या. ही झाली नाही. डिसेंबर २०२० मध्ये रेल्वे मंत्रालयाने गुजरातमधील ११ तोट्यातील छोटे व शाखामार्ग कायमचे बंद करण्याविषयी पश्चिम रेल्वेला कळविले, आणि त्या यादीत बिलिमोरा-वघईचे नाव होते. एकशे सात वर्षे चाललेली गाडी एका पत्राने इतिहासजमा होण्याची वेळ आली. तेव्हा आदिवासी पट्ट्यातील गावांतून विरोध झाला, निवेदने गेली, लोकप्रतिनिधींनी प्रश्न लावून धरला. आश्चर्य असे, की वारसा म्हणून जतन करण्यासाठी निवडल्या गेलेल्या गुजरातच्या पाच छोट्या मार्गांतही हेच नाव आहे. डभोई-मियागाम, मियागाम-मालसर, चोरंदा-मोटी कोरल, प्रतापनगर-जंबुसर आणि बिलिमोरा-वघई असे हे पाच मार्ग, एकूण २०४ किलोमीटरांचे. त्यांत सर्वांत लांब बिलिमोरा-वघईच. एकच मार्ग एका कागदावर तोट्याचा आणि दुसऱ्या कागदावर ठेव्याचा, अशी ही स्थिती.

४ सप्टेंबर २०२१ रोजी गाडी पुन्हा धावू लागली. यावेळी साध्या डब्यांबरोबर मोठ्या खिडक्यांचा एक वातानुकूलित डबा पर्यटकांसाठी जोडण्यात आला. येथेच जतनाचा खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

जगात अशा गाड्या वाचविण्याचे दोन-तीन मार्ग आढळतात. वेल्समधील टालीलिन हा पाटीच्या दगडाच्या खाणींसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेला छोटा मार्ग बंद पडण्याच्या बेतात असता १९५१ साली हौशी नागरिकांनी स्वयंसेवक म्हणून चालविण्यास घेतला. स्वयंसेवकांनी जतन केलेला तो जगातील पहिला रेल्वेमार्ग गणला जातो. आपल्याकडे दार्जिलिंगची गाडी १९९९ साली, निलगिरीची २००५ साली आणि कालका-सिमल्याची २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्या थंड हवेच्या ठिकाणांच्या गाड्या आहेत, तेथे पर्यटक आपण होऊन येतो. माथेरानचेही तसेच. याउलट विदर्भातील मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूर ही शकुंतला गाडी पाहावी. कापसासाठी बांधलेली, गरिबांनी वापरलेली, जिचे वाफेचे इंजिन १९९४ साली निवृत्त झाले आणि जिच्या वाट्याला पुढे कुंठितावस्था आली. बिलिमोऱ्याची गाडी नात्याने शकुंतलेची सख्खी बहीण आहे, दार्जिलिंगची नव्हे.

म्हणूनच वाफेचे इंजिन नसताना हे जतन कसले, हा आक्षेप वरवरचा वाटतो. इंजिन काचेच्या दालनात ठेवता येते. स्थानकाची कौले बदलता येतात, जुना घंटेचा तुकडा टांगता येतो. हे सारे करावे, त्यात आनंदही आहे. सुट्टीच्या दिवशी एखादे वाफेचे इंजिन पुन्हा या रुळांवर आणता आले तर सुरतेहून माणसे लोटतील, यातही संशय नाही. परंतु पर्यटकांच्या डब्याला जागा करताना मोळीवाल्या बाईचा डबा कमी झाला, अथवा तिला परवडणारे तिकीट राहिले नाही, तर जे जतन झाले ती नक्कल ठरेल. वातानुकूलित डब्याचे उत्पन्न साध्या डब्याच्या भाड्यास आधार देत असेल तर त्या डब्याचे स्वागत करावे. दुसरीकडे, रुळांची रुंदी वाढवून हा मार्ग डोंगरापलीकडे नाशिक जिल्ह्यात न्यावा, अशीही मागणी वेळोवेळी होत आली आहे. तीही डोंगरी मुलखाचीच मागणी आहे. तिला जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी दुर्लक्षून चालणार नाही.

बिलिमोरा गावाच्या परिसरात आता आणखी एक स्थानक उभारले जात आहे. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरांच्या अतिजलद मार्गावरील १२ स्थानकांत सुरत आहे आणि बिलिमोराही आहे. ताशी ३२० किलोमीटर वेगासाठी योजलेली जपानी तंत्राची गाडी आणि ताशी वीस किलोमीटरांनी जाणारी गायकवाडांची गाडी, या दोघींचा मुक्काम एकाच गावी व्हावा, असा योग सहसा येत नाही. अतिजलद गाडीने सुरतेहून बिलिमोऱ्यास पोहोचण्यास जेवढी मिनिटे लागतील, तेवढ्या वेळात छोटी गाडी कदाचित गणदेवीलाही पोहोचलेली नसेल.

सन २०२१ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकानुसार ती सकाळी १० वाजून २० मिनिटांनी बिलिमोऱ्याहून निघे आणि दुपारी १ वाजून २० मिनिटांनी वघईस पोहोचे. तेथे इंजिन डब्यांपासून सोडवून बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकास आणावे लागते. तेवढ्या तासाभरात प्रवासी बाजार करून येत. अडीच वाजता परतीची गाडी सुटे, आणि संध्याकाळी साडेपाचच्या पुढे ती बिलिमोऱ्यास लागली, की गाठोडी सावरीत माणसे पूल चढून पलीकडच्या फलाटावर सुरतेकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभी राहत.